उतू गेलेलं दूध आणि फुटलेला रस्सा

एका घरात दूध उतू गेलं तरी कुणी चिडलं नाही, उलट सगळे ओटा पुसायला धावले, अशी आठवण कुणीतरी लिहिलेली वाचली आणि फार बरं वाटलं. आमच्याकडं कोल्हापुरात गेल्या रविवारी पांढरा रस्सा फुटला.

नारळाचं दूध घातल्यावर रश्श्याला खळखळून उकळी येऊ द्यायची नाही, आच मंद ठेवून पळी फिरवत राहायचं, हे सासूबाईंनी लग्नानंतर पहिल्याच महिन्यात शिकवलेलं. पण नेमके त्याच वेळी हे डंकावरनं, म्हणजे मिरची कुटायच्या गिरणीतनं, चटणी कुटून घेऊन आले. 4 किलो मिरचीची, पावसाळ्याआधीची वर्षाची चटणी! ब्याडगीचा रंग, संकेश्वरीचा तिखटपणा, भाजलेलं खोबरं, लसूण... डब्याचं झाकण उघडलं की मला सण आल्यासारखंच वाटतं. मी वास घेत उभी राहिले आणि इकडं रश्श्यात पाणी वेगळं, कणी वेगळी.

माझा चेहरा बघून सासूबाई म्हणाल्या, "असू दे गं, चव कुठं पळाली? आणि तांबडा रस्सा हाय की!" धाकटीनं तोच फुटलेला रस्सा वाटीभर ओरपला, वर आणखी मागितला. त्या एका वाटीनं माझा सगळा दिवस गोड केला.

संध्याकाळी रंकाळा तळ्यावर फिरून येताना गंगावेशीत थांबलो. समोर धार काढलेलं म्हशीचं दूध, वर हा एवढा फेस. धाकटीला फेसाची मिशी आली, ती आजीनं पदरानं पुसली.