शब्दचर्चा : फॉरेस्ट हॅबिटॅटवरून रचलेल्या ‘निश परफ्यूम’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : एका परफ्यूमचे परिचयपत्रक मी मराठीत आणत आहे. हा परफ्यूम ‘निश’ आहे, म्हणजे मोठ्या बाजारपेठेसाठी नव्हे, तर थोड्या जाणकारांसाठी कमी प्रमाणात बनवलेला आहे, आणि त्याची प्रेरणा सदाहरित फॉरेस्ट हॅबिटॅट, म्हणजे वनातील जीवांचे नैसर्गिक वसतिस्थान, ही आहे. मी ‘जंगलाच्या सुवासाचे खास अत्तर’ असे लिहिले आहे; परंतु वर्णनातली ओली माती, कुजता पाचोळा आणि बुरशी त्या शब्दांत सामावत नाहीत. ‘रानगंध’ हे शीर्षक चालेल का?

उत्तर : ‘अत्तर’ प्रथम बाजूला ठेवावे. पारंपरिक अत्तर ऊर्ध्वपातनाने काढून चंदनाच्या तेलात उतरवतात आणि त्यात अल्कोहोल नसते. आजचा परफ्यूम मात्र बहुधा अल्कोहोलमध्येच विरघळवलेला असतो. ‘परफ्यूम’ हा शब्द मराठीत पुरेसा रुळलेला आहे, तोच ठेवावा.

‘सुवास’ हा शब्दही मला खटकतो, कारण ‘सु’ या उपसर्गाने वास चांगला असल्याचा निवाडा आधीच होऊन जातो. जंगलाच्या वासाचा मोठा भाग कुजण्यातून येतो. ओल्या मातीचा जो वास आपण ओळखतो, तो मुख्यतः जिओस्मिन या संयुगाचा असतो; स्ट्रेप्टोमायसिससारखे मातीतले जिवाणू ते तयार करतात आणि अत्यंत अल्प प्रमाणातही ते माणसाच्या नाकाला जाणवते. तोच वास पिण्याच्या पाण्याला आला, तर आपण नाक मुरडतो. म्हणून येथे तटस्थ असा ‘गंध’ हवा. पाचोळ्याला ‘कुबट’ आणि बुरशीला ‘दमट’ असे निःसंकोच लिहावे. पत्रक विक्रीसाठी आहे म्हणून या शब्दांना बगल दिली, तर वर्णनातला जिवंतपणाच जाईल.

‘रानगंध’ कानाला गोड लागतो, पण ‘रानात गेला’ म्हणजे शेतात गेला असाही अर्थ खेड्यापाड्यांत सर्रास होतो. नांगरलेल्या ढेकळांचा वास आणि झाडीखालच्या ओलाव्याचा वास यांत पुष्कळ अंतर आहे, म्हणून ‘वनगंध’ अधिक नेमका ठरेल.

प्रश्न : मग ‘हॅबिटॅट’साठी ‘अधिवास’ घ्यावा का? आणि घटकांमधल्या ‘ओकमॉस’ला ‘शेवाळ’ म्हणावे का?

उत्तर : ‘अधिवास’ जीवशास्त्रात रूढ आहे, परंतु अधिवास नेहमी कोणाचा तरी असतो : बेडकाचा, आमरीचा, धनेशाचा. पत्रकात एखाद्या जीवाचा उल्लेख असेल तरच तो शब्द वापरावा. नसेल तर ‘वन’ पुरेसे आहे.

‘शेवाळ’ मात्र सरळ चूक होईल. नावात ‘मॉस’ असले तरी ओकमॉस हा शैवाक (लायकेन) आहे, म्हणजे आपल्या मसाल्यातल्या दगडफुलाच्या गटातला. तो प्रामुख्याने ओकच्या सालीवर वाढतो आणि १९१७ साली फ्रेंच परफ्यूमकार फ्रांस्वा कोटी यांनी ‘शीप्र’ हा परफ्यूम आणल्यापासून त्या नावाच्या गंधकुळाचा आधार मानला जातो. त्यातील अ‍ॅट्रानॉल आणि क्लोरोअ‍ॅट्रानॉल या द्रव्यांमुळे त्वचेला अ‍ॅलर्जी होते, म्हणून युरोपीय संघाने सौंदर्यप्रसाधनांत त्यांच्यावर बंदी घातली आहे. घटकाच्या जागी ‘ओकमॉस’ हेच नाव ठेवून ‘एक शैवाक’ एवढा खुलासा जोडावा.

‘फूजेर’ हा फ्रेंच शब्द, जो परफ्यूमच्या एका गंधकुळाचेही नाव आहे, आला असेल तर तेथेही जपावे. त्याचा अर्थ नेचे (फर्न) असा आहे, परंतु बहुतेक नेच्यांना सांगण्यासारखा वासच नसतो. १८८२ च्या ‘फूजेर रॉयाल’ या परफ्यूममध्ये कृत्रिम कुमारिन हे सुगंधी संयुग वापरून नेच्याचा गंध केवळ कल्पिलेला होता. ‘नेच्याचा अर्क’ असे लिहिल्यास वाचकाची फसवणूक होईल. ‘नेच्यांची आठवण देणारा’ हे खरे आहे.

प्रश्नकर्त्याचा प्रतिसाद : पत्रकात कोणत्याही जीवाचा उल्लेख नाही, त्यामुळे ‘अधिवास’ गाळला आहे. आता ‘वनगंध : सदाहरित वनावरून रचलेला, मोजक्या प्रमाणात बनवलेला परफ्यूम’ असे लिहीत आहे. ‘निश’साठी याहून आटोपशीर पर्याय असल्यास अवश्य कळवावा.