मोगली जपानी होता, हे तुम्हाला केव्हा कळले?

दुधनाकाठ

परवा शेतातल्या आखाड्यावर ट्रॅक्टरची बॅटरी उतरवून ठेवली होती. तिच्या टोकांवर जमलेला पांढरट थर खरवडत असताना मला एकदम लहानपणचे रविवार आठवले. आमच्या गावात रविवारी सकाळी वीज हमखास जात असे. दूरदर्शनवर 'जंगल बुक' सुरू होण्याच्या आत, वडिलांची नजर चुकवून हीच जड बॅटरी काढायची आणि शेजारच्या काकांच्या ब्लॅक अँड व्हाइट टीव्हीला जोडायची, ही जबाबदारी थोरल्या भावाकडे होती. बैठकीत पोरांची दाटी असे आणि उरलेली पोरे खिडकीच्या गजांना लोंबकळत. शेरखानच्या तोंडी नाना पाटेकरांचा आवाज आला की लहान भाऊ माझ्या सदऱ्याचे टोक तोंडात धरून बसत असे.

शीर्षकगीत गुलजारांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे, जंगल तर आपलेच. त्यामुळे ही मालिका भारतीयच आहे अशी माझी नोकरीला लागेपर्यंत ठाम समजूत होती. ती 'निप्पॉन अॅनिमेशन' या जपानी संस्थेने १९८९ मध्ये ५२ भागांत तयार केली होती, हे कळल्यावर मी भावाला फोन केला, तर तो म्हणाला, "मग आपण बॅटरी जपानसाठी वाहत होतो काय?"

त्यानंतर मी जाणीवपूर्वक अॅनिमे, म्हणजे जपानी अॅनिमेशन, पाहू लागलो आणि आता चाळिशी ओलांडली तरी पाहतो. माझ्या नववीतल्या मुलाला याचा अभिमान वाटावा की लाज, हे त्याला अजून ठरवता आलेले नाही. तुम्ही काय पाहिले, कसे पाहिले आणि आपल्या भागातल्या माणसाला कोणती मालिका सुचवाल, हे जरूर लिहावे.

गंगाखेडची सून

आमच्या घरी जपान डोरेमॉनच्या रूपाने आले आणि त्याच्यामागून हिंदी आली. धाकटा चार वर्षांचा असताना आजीला "दादीजी, मेरी मदद कीजिए" असे म्हणू लागला, तेव्हा सासूबाईंनी त्याला दृष्ट लागली असे समजून मीठ-मोहऱ्या उतरवल्या होत्या.

त्याला तो 'डोरा केक' हवा असे. गंगाखेडच्या एकाही बेकरीत तसला पदार्थ नव्हता. अखेर सासूबाईंनी पडद्यावर नीट पाहून घेतले आणि कणकेची गूळ घातलेली दोन छोटी धिरडी घालून त्यांच्यामध्ये आदल्या दिवशीचे पुरण भरून दिले. आम्ही सगळे हसलो होतो. पुढे कित्येक वर्षांनी मी वाचले की मूळ जपानी दोरायाकीत खरोखरच डाळवर्गातल्या लाल चवळीसारख्या दाण्यांचे गोड सारण असते. ज्या बाईने परभणी जिल्ह्याबाहेर पाऊल टाकले नव्हते, तिने ते केवळ रंगावरून ओळखले होते. शिफारस म्हणाल तर माझी डोरेमॉनच. मोठ्या माणसांनी त्याला हसू नये.

देवणी

मी पशुवैद्यकीय खात्यात आहे, त्यामुळे माझी शिफारस व्यवसायातूनच आलेली आहे. 'गिन नो साजी', म्हणजे चांदीचा चमचा. प्रत्येकी ११ भागांचे दोन हंगाम आहेत आणि ते २०१३-१४ मध्ये प्रसारित झाले. मूळ चित्रकथा लिहिणाऱ्या हिरोमु अराकावा या स्वतः होक्काइदोतल्या दूधव्यावसायिक शेतकऱ्याच्या घरी वाढलेल्या आहेत. शिक्षण संपल्यावर त्यांनी सात वर्षे घरच्या गोठ्यात काम केले आणि स्वतःचे चित्र काढायचे झाले तर त्या गायच काढतात. 'फुलमेटल अल्केमिस्ट' त्यांचीच, परंतु ती सगळ्यांनी पाहिलेली असते; ही मात्र कुणी सांगितल्याशिवाय हाती लागत नाही.

कथा अशी की साप्पोरो शहरातला हाचिकेन नावाचा हुशार मुलगा परीक्षांच्या स्पर्धेत दमतो आणि घरापासून लांब जाता यावे एवढ्याच कारणासाठी वसतिगृह असलेल्या कृषी विद्यालयात प्रवेश घेतो. तिथे अशक्त जन्मलेल्या डुकराच्या पिल्लाला तो जीव लावतो आणि त्याचे नाव ठेवतो 'बुतादोन', म्हणजे ज्या भाताच्या पदार्थात ते पिल्लू उद्या जाणार आहे त्याचेच नाव. पिल्लू मोठे झाल्यावर त्याचे काय होते, हे मालिका लपवत नाही आणि रडगाणेही लावत नाही. हाचिकेन आपल्या कमाईतून त्याचे मांस विकत घेतो आणि त्याचे काय करायचे हे स्वतः ठरवतो.

मला मात्र दुसरा हंगाम जड गेला. कोमाबा हा त्याचा वर्गमित्र बेसबॉलमध्ये नाव काढून घरचा गोठा वाचवण्याचे स्वप्न पाहत असतो, पण तेवढ्यात कर्ज डोक्यावरून जाते. गायी गाडीत चढवल्या जातात, तो शाळा सोडतो आणि त्या कर्जाला जामीन राहिलेल्या मिकागे या वर्गमैत्रिणीच्या घरच्यांवरही घोडे विकण्याची वेळ येते. 'जामीन' या शब्दाशी मी आलो आणि थांबलो. आमच्या वडिलांनी चुलत्याच्या कर्जाला सही दिली होती. त्यापायी देवणी जातीची जी गाय बाजारात गेली, तिच्या कपाळावरचा काळा ठिपका मी आजही कागदावर काढून दाखवू शकतो. बर्फ पडणाऱ्या मुलखातल्या बाईला हे कसे ठाऊक, असा प्रश्न मला पडला होता. गोठ्यात सात वर्षे काढलेल्या माणसाला ते ठाऊक असणारच. कथानक फोडल्याबद्दल क्षमा असावी.

अभ्यासिका

देवणी सर, आपला प्रतिसाद वाचून काल रात्रीच पहिला भाग पाहिला. मी लातुरात वैद्यकीय प्रवेशपरीक्षेची दुसऱ्यांदा तयारी करीत आहे. खोलीत तिघे आहोत आणि भिंतीवर आवर्त सारणी लावलेली आहे. "मला कोणतेच स्वप्न नाही" असे तो मुलगा शेतकऱ्यांच्या मुलांसमोर कबूल करतो, तेव्हा दोघेही खोलीमित्र आपापल्या पुस्तकांत पाहत राहिले. रोज रात्री जेवणानंतर एकच भाग, असा आमचा करार झाला आहे.

दुधनाकाठ

करार पाळावा. परीक्षा झाल्यावर उरलेले भाग कुठेही पळून जात नाहीत.

बावन्न दरवाजे

मी छत्रपती संभाजीनगरचा. माझे मत मोठ्या मालिकांच्या बाजूचे आहे आणि त्याबद्दल मला संकोच नाही. 'अटॅक ऑन टायटन' २०१३ मध्ये सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली. या दहा वर्षांत मी अकरावीतून दोन मुलांच्या बापापर्यंत पोहोचलो. माणसे तीन वर्तुळाकार तटबंद्यांच्या आत कोंडून घेऊन राहतात आणि बाहेर नरभक्षक महाकाय हिंडत असतात, ही कल्पना ज्याने देवगिरी किल्ला पायी चढला आहे त्याला परकी वाटणार नाही. अंबरकोट, महाकोट, काळाकोट असे तीन कोट ओलांडून आपण अंधारीत, म्हणजे किल्ल्याच्या काळोख्या वाटेत शिरतो. तिथे वटवाघळांचा वास नाकात भरतो आणि पुढच्या माणसाच्या सदऱ्याला धरून चालावे लागते. शत्रू आत आला तर त्याला आपलीच माणसे दिसू नयेत अशी ती रचना आहे. मालिकेतही खरा प्रश्न तटाबाहेर कोण आहे हा नसून तट कुणी आणि कशासाठी बांधला हा आहे. लेखक हाजिमे इसायामा डोंगरांनी वेढलेल्या गावात वाढले आणि त्या डोंगरांतूनच त्यांना तटाची कल्पना सुचली. शेवट अनेकांना आवडलेला नाही. मला आवडला, कारण तो कुणालाही निर्दोष सोडत नाही.

गंगाखेडची सून

बावन्न दरवाजे दादा, आपल्या सांगण्यावरून मी त्याचा पहिला भाग जेवताना लावला होता. पोराच्या आईचे जे होते ते पाहून मला घास गिळवला नाही. असे काही सुचवताना जेवणाआधी पाहावे की नंतर, एवढे तरी लिहीत जावे.

बावन्न दरवाजे

ताई, चूक मान्य आहे. जेवणानंतर दोन तासांनी.

निवृत्त मास्तर

मला यातले फारसे कळत नाही, परंतु युगो साको आणि आपले राम मोहन यांनी मिळून केलेला रामायणावरचा चित्रपट मी वर्गात मुलांना अनेकदा दाखवला आहे. त्याच्या जुन्या हिंदी आवृत्तीत रामाला अरुण गोविल यांचा आणि रावणाला अमरीश पुरी यांचा आवाज होता. जानेवारी २०२५ मध्ये तो नव्याने चित्रपटगृहांत आला, तेव्हा माझा एक माजी विद्यार्थी मला मुद्दाम घेऊन गेला. मोठ्या पडद्यावर कुंभकर्ण जागा होतो तो प्रसंग पाहताना आम्ही दोघेही पुन्हा सातवीच्या वर्गात होतो. तो शेवटच्या बाकावर, मी फळ्यापाशी.

तेरणाकाठ

बरेच दिवस लिहावे की नाही अशा विचारात होते. मी जुन्या किल्लारीची. ३० सप्टेंबर १९९३ रोजी मी सहा वर्षांची होते.

'सुझुमे' हा माकोतो शिन्काई यांचा चित्रपट एप्रिल २०२३ मध्ये भारतात आला, तेव्हा पुण्यात शिकणाऱ्या भाचीने मला नेले. तिला वाटले होते की मावशीला निसर्गदृश्ये आवडतात, म्हणून आकाशाचे रंग आवडतील. ओसाड पडलेल्या जागांमध्ये एकटी उभी असलेली दारे आणि त्यांतून बाहेर येऊ पाहणारा भूकंप, असे कथानक असल्याचे तिला ठाऊक नव्हते आणि मलाही नव्हते.

आमच्या जुन्या गावात अजूनही काही चौकटी उभ्या आहेत. भिंती दगडमातीच्या आणि वर माळवदाचे ओझे, म्हणून माणसे वाचली नाहीत. चौकटी मात्र सागवानाच्या होत्या, त्या तगल्या. भोवती वेड्या बाभळी वाढलेल्या आहेत. आमच्या घराचा उंबरठा मी ओळखते, कारण त्याच्या उजव्या टोकाला आजी नारळ फोडत असे आणि तिथे खळगा पडलेला आहे.

चित्रपटातली मुलगी चार वर्षांची असताना, ११ मार्च २०११ च्या जपानमधल्या भूकंप-त्सुनामीत तिची आई जाते. आईने बनवून दिलेली लाकडी खुर्ची तिला परत मिळते, पण तिचा एक पाय गेलेला असतो. आमच्याकडे असा एक पितळी तांब्या आहे. ढिगाऱ्यातून निघाला तेव्हा त्याला एका बाजूने मोठा पोचा आलेला होता. काकांनी तो ठोकून सरळ करून आणू म्हटले, तेव्हा आईने पहिल्यांदा आणि शेवटचे त्यांच्यावर आवाज चढवला. आजही तो फडताळात पोचा भिंतीकडे करून ठेवलेला असतो.

शेवटच्या दाराशी त्या गावातल्या लोकांचे त्या सकाळचे आवाज ऐकू येतात. कुणी शाळेला निघाले आहे, कुणी कामाला, आणि प्रत्येक जण 'इत्तेकिमास' म्हणतो. जपानी माणूस घराबाहेर पडताना 'जातो' म्हणत नाही, 'जाऊन येतो' म्हणतो, असे भाचीने माझ्या कानात सांगितले. मला ते सांगण्याची गरज नव्हती. आपल्याकडे तरी 'जाते' कोण म्हणते? 'जाते' म्हटले की आजी हाताला धरून परत बसवत असे आणि 'येते' म्हणायला लावत असे. आमच्याकडे मात्र भूकंप पहाटे चारच्या आत झाला. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून सगळे झोपले होते आणि 'येते' म्हणायची वेळ कुणावर आलीच नाही. मी चित्रपटगृहात फार रडले, भाची घाबरली. बाहेर आल्यावर आम्ही दोघींनी उसाचा रस घेतला.

तरीही मी तो सुचवते. आमच्या भागातल्या माणसाने तो एकट्याने पाहू नये, एवढेच.

देवणी

ताई, आपला प्रतिसाद आईला वाचून दाखवला. तिने काही म्हटले नाही, फक्त पुन्हा वाच म्हणाली.

अभ्यासिका

मी त्यानंतर जन्मलो. आमच्या घरी ३० सप्टेंबरला आजोबा अंगणात झोपतात, याचे कारण मी कधी विचारले नव्हते.

चौथी वॉर्ड

विषय थोडा हलका करतो. 'वन पीस' १९९९ पासून चालू आहे, २०२१ मध्ये तिचा हजारावा भाग झाला आणि मी सध्या तीनशे बाराव्या भागावर आहे. माझ्या हयातीत संपेल काय?

दुधनाकाठ

आमचा धुऱ्याचा दावा तिच्याही आधीपासून चालू आहे. कोणता निकाल आधी लागतो ते कळवीन.

चौथी वॉर्ड

आणखी एक. हिंदीत ऐकावे की जपानीत ऐकून खाली वाचावे? मित्र म्हणतात की हिंदीत पाहणाऱ्याने स्वतःला रसिक म्हणवून घेऊ नये.

बावन्न दरवाजे

ज्याने शेरखान नानांच्या आवाजात ऐकला आहे, त्याने असल्या मित्रांकडे दुर्लक्ष करावे. मात्र 'सुझुमे'सारखा चित्रपट जपानीत ऐकावा, कारण तिथे एका शब्दावर बरेच काही उभे आहे. मराठी आवाज माझ्या कानांवर अजून कुठे पडलेला नाही; एखाद्याने 'गिन नो साजी' आपल्या बोलीत केली, तर पहिली वर्गणी माझी.

गंगाखेडची सून

तेरणाकाठ ताई, आपल्याला सांगायचे राहिले. सासूबाई आता नाहीत. काल धाकट्याने, जो आता बारावीत आहे, स्वतः धिरडी घातली. पुरण मी करून दिले. एक धिरडे करपले, तरी त्याने ते ताटात वरच ठेवले.

दुधनाकाठ

सर्वांचे आभार. देवणी सरांनी सुचवलेल्या मालिकेचा पहिला भाग काल आखाड्यावर मोबाइलवर वडिलांना दाखवला. त्यांचे वय अठ्ठ्याहत्तर आहे आणि अक्षरे त्यांना दिसत नाहीत, म्हणून मी संवाद मराठीत सांगत होतो. सबंध भाग त्यांनी कडब्याच्या पेंडीला टेकून, एक शब्द न बोलता पाहिला. शेवटी एवढेच विचारले, "त्या पांढऱ्या-काळ्या गायी एका वेळेला किती लिटर देतात, ते सांगितलं का त्यांनी?"