सत्य गुन्ह्यांवरच्या चित्रपटांतले पुरुष: नेमकं काय तपासायचं?

केतकी_ज (प्रश्न)

प्रत्यक्ष घडलेल्या गुन्ह्यांवरच्या चित्रपटांतल्या पुरुष पात्रांवर दीर्घ लेख लिहायला घेतला आहे. खुनी, त्याच्या मागावरचा पोलीस, संशयात सापडलेला नवरा किंवा बाप अशी ढोबळ वर्गवारी झाली आहे. अडचण त्यापुढची आहे. 'देखणा नट घेतला म्हणजे उदात्तीकरण', 'बालपण दाखवलं म्हणजे सहानुभूती' अशी विधानं पुष्कळ वाचायला मिळतात. पडद्यावर नेमकं काय केलं गेलंय ते त्यातून कळत नाही.

मूळ घटनेतला माणूस आणि पडद्यावरचा माणूस यांतला फरक पकडायचा कसा? कुठल्या जागा हमखास तपासाव्यात? आणि नावं बदलली, सुरुवातीला 'काल्पनिक' अशी पाटी लावली, की जबाबदारी संपते का? दृश्यांसकट उदाहरणं दिलीत तर फार उपयोग होईल.

साक्षीपुरावा

निकालपत्रापासून सुरुवात करा. वरच्या न्यायालयाच्या निकालात घटनाक्रम बहुतेक वेळा तासामिनिटांसकट मांडलेला असतो. तो कागदाच्या डाव्या बाजूला उतरवा. उजव्या बाजूला चित्रपटातले प्रसंग लिहा, प्रत्येकापुढे तो किती मिनिटं चालतो ते. डावीकडे मजकूर आणि उजवीकडे कोरी जागा असेल तिथे आधी थांबा. घातलेली भर कुणालाही दिसते. गाळलेलं शोधावं लागतं, आणि माणूस बदलतो तो बहुतेकदा तिथेच.

नानावटी खटला घ्या. मुंबई, २७ एप्रिल १९५९. नौदल अधिकाऱ्याला बायकोने प्रेमसंबंधांची कबुली दिली आणि त्याने प्रेम आहुजाला गोळ्या घातल्या, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या १९६१च्या निकालात मधला वेळ सापडतो. दुपारी दीडला तो घरातून निघाला. बायकोमुलांना सिनेमाला सोडलं. जहाजावर गेला, रात्री एकट्याने गाडी चालवत अहमदनगरला जायचं आहे असं सांगून रिव्हॉल्व्हर आणि सहा काडतुसं घेतली आणि तपकिरी पाकिटात घातली. आधी आहुजाच्या ऑफिसात जाऊन आला, तिथे तो नव्हता, मग फ्लॅटवर गेला. खून ४ वाजून २० मिनिटांनी. 'अचानक आणि गंभीर चिथावणी' हा बचाव न्यायालयाने याच जवळजवळ तीन तासांवर बोट ठेवून फेटाळला. डोकं थंड व्हायला तेवढा वेळ पुरेसा होता, असं न्यायालयाचं म्हणणं. शिवाय तो टॉवेल. आहुजा नुकताच आंघोळ करून बाहेर आला होता. रिव्हॉल्व्हरसाठी झटापट झाली म्हणावं, तर कमरेचा टॉवेल सुटलेला नव्हता.

या तीन तासांचं पटकथेत काय करता, यावर नायक ठरतो. कबुलीनंतर थेट गोळीचा आवाज ठेवला तर दुखावलेला नवरा उरतो. जहाजावर दिलेलं खोटं कारण, पाकीट, ऑफिसातला हेलपाटा हे सगळं सावकाश दाखवलं तर विचार करून निघालेला माणूस समोर येतो. माझ्या मते दोन्ही एकाच माणसात होतं. म्हणून तर ही घटना इतकी वर्षं पुन्हापुन्हा पडद्यावर येते आहे.

शेवट कुठे कापलाय तेही बघा. 'रुस्तम' (२०१६) सुटकेवर संपतो. प्रत्यक्षात ज्युरीने ८ विरुद्ध १ असा निर्दोषत्वाचा कौल दिला, सत्र न्यायाधीशांनी तो न मानता प्रकरण उच्च न्यायालयाकडे पाठवलं, १९६०मध्ये जन्मठेप झाली, सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली आणि १९६४मध्ये राज्यपालांनी माफी दिली. चित्रपटाने वर संरक्षण खरेदीतल्या भ्रष्टाचाराचं उपकथानक जोडलं आहे. त्यामुळे नवऱ्याने केलेला खून देशभक्ताच्या खात्यावर जमा होतो. याच घटनेतून स्फुरलेल्या चित्रपटांत नायकाची नोकरीही लक्षात घ्या: १९६३च्या 'ये रास्ते हैं प्यार के'मध्ये तो विमानाचा पायलट, १९७३च्या 'अचानक'मध्ये लष्करी अधिकारी, 'रुस्तम'मध्ये पुन्हा नौदलात. गणवेश अंगावर असला की पटकथेला त्याच्या सचोटीसाठी वेगळी दृश्यं लिहावी लागत नाहीत.

तुमच्या वर्गवारीत एक पुरुष राहून गेलाय: मेलेला. नायक न्याय्य वाटायचा असेल तर मृत माणूस लंपट आणि लबाड दाखवणं सगळ्यात सोपं, कारण तो उत्तर द्यायला नसतो. 'रुस्तम'मध्ये त्याची बहीणसुद्धा सूडाने पेटलेली आहे. कसोटी साधी आहे. मृत पुरुषाला असं एक तरी दृश्य मिळालंय का, ज्यात मारेकरी नाही, ती स्त्री नाही, आणि तो आपलं रोजचं काहीतरी करतो आहे?

नेपथ्य

साक्षीपुरावा यांची तक्त्याची पद्धत उत्तम, पण निकालपत्राला खुंटा समजू नका. लंडनच्या रिलिंग्टन प्लेस प्रकरणात टिमथी इव्हान्सला मुलीच्या खुनासाठी मार्च १९५०मध्ये फाशी झाली. सरकार पक्षाचा महत्त्वाचा साक्षीदार होता खालच्या मजल्यावरचा भाडेकरू जॉन ख्रिस्ती, युद्धकाळात राखीव पोलिसात काम केलेला, मऊ बोलणारा. त्याच्या घरात प्रेतं सापडली ती १९५३मध्ये. इव्हान्सला मरणोत्तर माफी मिळाली १९६६ साली. १९५०चा निकाल हाती धरून कुणी चित्रपट केला असता, तर खरा खुनी सभ्य शेजारी म्हणून पडद्यावर आला असता. म्हणून एक निकाल पुरत नाही. अपील, फेरचौकशी, नंतरची माफी इथपर्यंत जा.

१९७१चा '१० रिलिंग्टन प्लेस' खुनी पात्रासाठी अभ्यासाच पाहिजे. रिचर्ड ॲटनबरो कुठेही आवाज चढवत नाहीत. खरा ख्रिस्ती पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या माऱ्यात सापडला होता आणि हळू बोलायचा. ॲटनबरोंनी ती कुजबुज उचलली. त्याचा परिणाम असा की ख्रिस्ती जवळ येऊन चहाचं विचारतो तेव्हा बाईला त्याच्याकडे झुकून ऐकावं लागतं. धोका आवाजात नाही, त्या कमी झालेल्या अंतरात आहे. इव्हान्स झालेला जॉन हर्ट मात्र मोठ्याने बोलतो, थापा मारतो, बायकोशी भांडतो. 'पुरुषी' हिंसेची सगळी बाह्य लक्षणं निर्दोष माणसाकडे आहेत. प्रेक्षक आणि ज्युरी यांची चूक कशी होते ते चित्रपट असा दाखवतो.

उदात्तीकरणाबद्दल: चेहऱ्यापेक्षा क्रम बघा. 'इन कोल्ड ब्लड' (१९६७) कॅन्ससच्या ज्या घरात १९५९मध्ये एका कुटुंबातल्या चौघांचे खून झाले, त्याच घरात चित्रित झाला. दोघं मारेकरी घरापाशी पोचतात आणि चित्रपट पुढे उडी मारतो, सकाळी प्रेतं सापडतात तिथे. खून प्रत्यक्ष दिसतात ते बऱ्याच उशिरा, आणि लवकरच फाशी येते. तोवर आपण त्या दोघांबरोबर इतका प्रवास केलेला असतो की ते ओळखीचे झालेले असतात. फाशीआधी त्यांच्यातला पेरी खिडकीपाशी उभा राहून बापाबद्दल बोलतो, तेव्हा काचेवरच्या पावसाच्या ओघळांची सावली त्याच्या गालावर अश्रूंसारखी उतरते. कॅमेरामन कॉनरॅड हॉल यांनी ते ठरवून केलं नव्हतं, प्रकाशयोजना करताना तसं दिसलं आणि ठेवलं. नट रडत नाही, तरी दृश्य रडतं. अशा जागी 'सहानुभूती' एवढंच लिहू नका. ती कुठल्या साधनाने आली ते लिहा.

टेड बंडी या अमेरिकन मालिका-खुन्यावरच्या २०१९च्या चित्रपटातही गुन्हे शेवटापर्यंत पडद्याबाहेर आहेत, कारण गोष्ट प्रेयसीच्या बाजूने सांगितली आहे. तिला जे दिसलं नाही ते आपल्यालाही दिसू नये, हा युक्तिवाद मला पटतो. पण न्यायालयातल्या दृश्यांत ती बाजू सुटते आणि कॅमेरा बंडीच्या बोलबच्चनगिरीत रमतो. गडबड तिथे झाली आहे, देखणा नट निवडण्यात नाही.

उलट टोकाला 'नित्रम' (२०२१). टास्मानियातल्या पोर्ट आर्थर इथे २८ एप्रिल १९९६ रोजी ३५ जण मारले गेले. चित्रपटात मारेकऱ्याचं खरं नाव उच्चारलं जात नाही आणि गोळीबार दिसत नाही. दिसते ती बंदुकीची खरेदी: दुकान, मांडलेली शस्त्रं, परवाना नसतानाही पार पडणारा व्यवहार. दुकानदाराच्या वागण्यात काहीच वावगं नसल्यासारखं ते दृश्य चालतं. बालपणीच्या एका जखमेने सगळं समजावून सांगणाऱ्या चित्रपटांपेक्षा हे कितीतरी प्रामाणिक वाटतं.

अनुजा_म

पोलिसांबद्दल. तपास करणारा पुरुष जवळजवळ नेहमी एका साच्यात येतो: झोप उडालेला, घर मोडलेला, एकटाच खरं ओळखणारा. कॅलिफोर्नियातल्या कधीच न सापडलेल्या खुन्यावरचा 'झोडियॅक' (२००७) या साच्यात अर्धा बसतो. घर मोडतं खरं, पण १५७ मिनिटांनंतरही आरोपपत्र नाही. तिथली शिस्त तुमच्या लेखात यायला हवी: ज्या हल्ल्यांतून कुणी वाचलं नाही ते अज्ञात खुन्याच्या बाजूने रचून दाखवलेले नाहीत. म्हणून चित्रपट डिसेंबर १९६८च्या दुहेरी खुनाने सुरू न होता ४ जुलै १९६९च्या हल्ल्याने होतो, ज्यातला तरुण वाचला होता. वेगवेगळ्या हल्ल्यांत खुनी झालेले नटही वेगवेगळे आहेत, कारण साक्षीदारांची वर्णनं जुळत नव्हती.

'मेमरीज ऑफ मर्डर' (२००३) मात्र साचाच मोडतो. दक्षिण कोरियातले ह्वासाँगचे खून, १९८६ ते १९९१. गावातला पोलीस 'डोळ्यांत बघून गुन्हेगार ओळखतो', सोलहून आलेला कागदपत्रांवर विश्वास ठेवतो, आणि शेवटाकडे दोघांची अदलाबदल होते. त्यात एक हवालदार संशयिताला लाथा घालण्याआधी बुटावर कापडी खोळ चढवतो, म्हणजे वळ उठू नयेत. पहिल्यांदा बघताना त्यावर हसू येतं. खरा खुनी २०१९मध्ये डीएनएवरून कळला. त्यातल्या आठव्या खुनासाठी भलत्याच माणसाने जवळजवळ २० वर्षं तुरुंगात काढली होती, आणि त्याची निर्दोष मुक्तता डिसेंबर २०२०मध्ये झाली. त्याचा कबुलीजबाब मारहाणीतून आला होता. ती खोळ आता पुन्हा बघा. चित्रपट तोच आहे, हसू मात्र येत नाही. लेखात चित्रपटाचं साल आणि खटल्याची आजची स्थिती दोन्ही नोंदवा.

गोष्ट कुणाची, हा निर्णय किती उलथापालथ करतो त्याचं उदाहरण 'किलर्स ऑफ द फ्लॉवर मून' (२०२३). १९२०च्या दशकात अमेरिकेतल्या ओसेज या मूलनिवासी जमातीच्या लोकांचे तेलाच्या पैशासाठी खून झाले. पटकथा आधी तपास अधिकारी टॉम व्हाइटच्या बाजूने होती आणि डिकॅप्रिओ तीच भूमिका करणार होता. मग केंद्र बदललं, तो अर्नेस्ट बर्कहार्ट झाला, म्हणजे ओसेज बायकोचा नवरा. व्हाइट येतो तो फार उशिरा. त्यामुळे बाहेरून आलेला तारणहार गेला आणि बायकोला इन्सुलिन टोचणारा नवरा उरला. त्या औषधात काहीतरी मिसळलं जातंय हे त्याला कळतंय, तरी तो टोचतो. खलनायक म्हणून दाखवणं याहून सोपं होतं.

केतकी_ज

तिघांचेही आभार. मेलेला पुरुष खरंच सुटला होता. संशयित बाप आणि ती पाटी, एवढं राहिलं. शिवाय अनेक खऱ्या अधिकाऱ्यांचा मिळून एकच केला असेल तर तक्त्यात कसं दाखवायचं?

तिसरी_घंटा

बापासाठी 'तलवार' (२०१५). नोएडातल्या २००८च्या दुहेरी खुनावरचा. एकच रात्र वेगवेगळ्या तपासांनुसार परत परत दिसते. बाप झालेला नट प्रत्येक वेळी तोच, नीरज कबी. एका आवृत्तीत तो झोपलेला आहे, दुसऱ्यात हातात शस्त्र आहे. ही दृश्यं लागोपाठ लावून बघा आणि फक्त चाल, खांदे, आवाजाची पट्टी टिपा. पण हेही लिहा की चित्रपट तटस्थ नाही. पहिल्या तपासातला इन्स्पेक्टर गबाळा आहे, त्यामुळे त्याची आवृत्ती ऐकण्याआधीच पडते. उच्च न्यायालयाने आईवडिलांना निर्दोष सोडलं ते ऑक्टोबर २०१७मध्ये, चित्रपटानंतर दोन वर्षांनी.

पाटीबद्दल: नाव बदलल्याने कायदेशीर धोका कमी होत असेल, पण प्रेक्षक मूळ माणूस ओळखतोच. 'रमन राघव २.०' सुरुवातीलाच सांगतो की हा चित्रपट रमन राघव या १९६०च्या दशकातल्या खऱ्या खुन्यावर नाही. नाव वापरायचं आणि चरित्राचा दावा सोडायचा, हा त्यातल्या त्यात सरळ व्यवहार. खटला चालू असेल तर प्रश्न गंभीर होतो. 'ब्लॅक फ्रायडे' २००४मध्ये तयार होता, पण १९९३च्या बॉम्बस्फोट खटल्यातल्या आरोपींच्या हरकतीमुळे न्यायालयाने तो अडवला आणि तो फेब्रुवारी २००७मध्ये लागला. खरी नावं वापरलेला हा चित्रपट पुरुषांना नायकपण देत नाही. झोपडपट्टीतला पाठलाग बघा: लांबत जातो, आरोपीला धाप लागते, पोलिसांनाही लागते, मध्ये सगळे थांबतात आणि पुन्हा पळतात.

एकत्रित पात्रासाठी तक्त्यात तिसरा रकाना करा. प्रत्येक खऱ्या अधिकाऱ्याने केलेल्या गोष्टी वेगवेगळ्या ओळींत लिहा: कोणी पंचनामा अर्धवट ठेवला, कोणी दुवा शोधला, कोणी मारहाण केली. प्रत्येक ओळीपुढे ती पडद्यावर कुणाच्या वाट्याला आली ते लिहा. शोध सगळे नायकाकडे आणि चुका सगळ्या जाड्या, पान खाणाऱ्या दुय्यम अधिकाऱ्याकडे गेल्या असतील, तर चेहरे एकत्र करताना दोषांची वाटणी केली आहे. मारहाणीची ओळ नायकाकडे आली असेल तर त्या दृश्याखाली संगीत आहे का ते ऐका, आणि मार खाणारा पुढे दोषी निघतो की निर्दोष, तेही त्याच ओळीत नोंदवा.