शब्दचर्चा: ओढ्याकाठची ‘समाईक’ वाट

विचारणा
शेजारच्या दोन शहरांनी मिळून करायच्या एका वाटेच्या आराखड्याचं मराठी करतो आहे. ‘क्रीक’, ‘ट्रेल’ आणि ‘शेअर्ड’ हे तीन शब्द त्यात पानोपानी आहेत. आधी कोणीतरी ‘खाडीकिनारी सामायिक मार्ग’ असं करून ठेवलंय. ते वाचलं की डोळ्यांपुढे भरती-ओहोटी आणि तिवरं येतात. प्रत्यक्षात पाणी गोडं आहे आणि उन्हाळ्यात घोट्याएवढं. काय लिहावं?

प्रतिसाद १
खाडी आधी काढा. ब्रिटिश वापरात ‘क्रीक’ म्हणजे समुद्राचं आत शिरलेलं पाणी. अमेरिकेत तोच शब्द लहान प्रवाहाला लावतात. ठाण्याची खाडी, माहीमची खाडी ही नावं पहिल्या अर्थाची, म्हणून आपल्या मनात खाडी घट्ट बसली आहे. तुमचा तो ओढा. ‘नाला’ चूक नाही, पण शहरात नाला म्हटलं की सांडपाणीच आठवतं. आणि ओढ्याला किनारा नसतो, काठ असतो.

‘ट्रेल’साठी पाऊलवाट नको. पाऊलवाट पडते, ती कोणी आखत नाही. पायवाट म्हणाल तर सायकली बाहेर राहतात. नुसतं ‘वाट’ पुरेसं आहे.

प्रतिसाद २
मला खरी काळजी तिसऱ्या शब्दाची वाटते. मसुदा पुन्हा वाचा, ‘शेअर्ड’ दोन अर्थांनी आलं असणार. एक, वाट दोन्ही शहरांची मिळून. दुसरा, एकाच पट्ट्यावरून चालणारे, धावणारे, सायकलवाले, चाकांच्या खुर्चीतले असे सगळे जाणार.

पहिल्या अर्थाला आपल्याकडे ‘समाईक’ हा मुरलेला शब्द आहे: समाईक विहीर, समाईक बांध, समाईक भिंत. समाईक म्हटलं की हिस्सा आला आणि हिश्शामागोमाग दुरुस्तीचा वाटाही आला. तोच शब्द दुसऱ्या अर्थाला लावलात तर सायकलस्वाराचा वाटेत हिस्सा आहे असं वाचलं जाईल. तिथे सरळ ‘सर्वांच्या वापराची वाट’ लिहा. अमेरिकी मार्गदर्शिकेत अशा वाटेची किमान रुंदी साधारण 10 फूट, म्हणजे 3 मीटर धरतात, ती सायकल आणि चालणारा एकमेकांना ओलांडू शकावेत म्हणून. शब्द चुकला तर एवढी रुंदी कशाला, हेच वाचणाऱ्याला कळत नाही.

हे मी पोटतिडकीने सांगतोय, कारण हद्दीवरच्या एका साकवाचा करार मी वाचलेला आहे. ‘देखभाल दोघांनी मिळून करावी’ एवढंच त्यात होतं. कठड्याचा एक गज निखळला, तिथे सुतळी बांधली गेली, आणि पुढचा पावसाळा येईपर्यंत ती सुतळीच होती. म्हणून ‘मिळून’ जिथे येईल तिथे कोण, किती आणि कुठपासून कुठपर्यंत, हे पुढच्याच वाक्यात यायला हवं. खाजगी जमिनीतून जाणारा तुकडा मात्र समाईक नव्हे. तिथे मालकी ज्याची त्याची, वाटेला फक्त वहिवाटीचा हक्क.

प्रतिसाद ३
दिशांचंही बघा. ‘ऐलतीर-पैलतीर’ गोड शब्द आहेत, पण आराखड्यात घालू नका. प्रत्येक शहराला आपला काठ ऐल वाटतो, आणि दोन्ही कार्यालयं एकच कागद वाचणार आहेत. प्रवाह जातो त्या दिशेला तोंड करून उभं राहायचं. डाव्या हाताला डावा काठ, उजव्या हाताला उजवा. हे कुठेही बदलत नाही.

मूळ विचारणाऱ्याचं उत्तर
आभार. शोधलं तर ‘शेअर्ड’ खरंच दोन्ही अर्थांनी निघालं, एकदा तर एकाच परिच्छेदात. आता एकच अडतंय: ‘शंभर वर्षांचा पूर’.

प्रतिसाद २
तो शब्द फसवा आहे. वाचणाऱ्याला वाटतं, यंदा येऊन गेला, आता नातवंडांच्या काळात. अर्थ एवढाच, की दर वर्षी तेवढा पूर येण्याची शक्यता 1 टक्का. 30 वर्षं धरलीत तर निदान एकदा येण्याची शक्यता 26 टक्क्यांच्या आसपास जाते. वाट पाण्याखाली जाणार हे आराखड्याला मान्यच असेल, म्हणून ‘कोणत्याही वर्षी 1 टक्का शक्यतेचा पूर’ असं लिहा. लांबतं, पण लांबू द्या.

मूळ विचारणाऱ्याचं उत्तर
तसंच केलं. मथळा आता असा: ‘ओढ्याकाठची वाट: दोन्ही शहरांची समाईक, सर्वांच्या वापराची’.