जुना करार आणि एआयचे प्रशिक्षण : हक्क कोणाचा?

प्रश्न | रानवाट
माझा कथासंग्रह २०१४ साली निघाला. तेव्हाच्या करारात छापील आवृत्ती आणि ई-पुस्तक एवढेच हक्क दिले होते. आता प्रकाशकांनी पुरवणी करार पाठवून ‘एआय प्रशिक्षणासह यापुढील सर्व तंत्रांसाठी’ हक्क मागितले आहेत. मोबदल्याचा मात्र त्यात उल्लेख नाही. मी सही केली नाही, तर जुन्या कराराच्या आधारे ते माझे पुस्तक एखाद्या कंपनीला प्रशिक्षणासाठी, म्हणजे त्यातील मजकुरावरून एआयला शिकवण्यासाठी, देऊ शकतील का?

उत्तर | कलमबहाद्दर
माझ्या मते नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम १८ मध्ये २०१२ साली जोडलेल्या तरतुदीनुसार, करार झाला तेव्हा वापराचा जो प्रकार अस्तित्वात नव्हता किंवा व्यवसायात रूढ नव्हता, त्याला तो करार स्पष्ट उल्लेखाशिवाय लागू होत नाही. २०१४ साली मराठी कथा प्रशिक्षणासाठी विकण्याचा धंदा कोणी ऐकला होता? शिवाय कलम १९ प्रमाणे हक्क हस्तांतरित करताना मोबदला नमूद करावा लागतो, आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते.

उत्तर | तळटीप
प्रशिक्षणाला परवानगी लागते का, हा त्याआधीचा प्रश्न आहे. एएनआय या वृत्तसंस्थेने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयविरुद्ध २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात केलेल्या दाव्यात नेमका तोच मुद्दा आहे. अमेरिकेत अँथ्रॉपिक या एआय कंपनीविरुद्ध लेखकांनी केलेल्या खटल्यात न्यायालयाने जून २०२५ मध्ये प्रशिक्षण ‘फेअर यूज’ (परवानगीशिवाय चालणारा रास्त वापर) ठरवले, पण चोरट्या संकेतस्थळांवरून पुस्तके उतरवून साठवण्याला ती सूट दिली नाही, आणि पुढे कंपनीने दीड अब्ज डॉलरची तडजोड केली. तिचा लाभ मात्र अमेरिकी कॉपीराइट कार्यालयात वेळेत नोंदवलेल्या पुस्तकांनाच होता. तिथे मराठी पुस्तके नोंदवायला जाते कोण!

उत्तर | हिशेबनीस
रानवाट, खरी मेख पुढे आहे. केंद्र सरकारच्या उद्योग संवर्धन व अंतर्गत व्यापार विभागाच्या समितीने डिसेंबर २०२५ मध्ये असे सुचवले आहे की, वैध मार्गाने मिळवलेल्या साहित्यावर प्रशिक्षणाचा परवाना सक्तीने मिळावा आणि निर्मात्यांना त्याची रॉयल्टी द्यावी. म्हणजे लेखकाला नकार देता येणार नाही. मला ही सक्ती पटत नाही. पण तसा कायदा झाला तर रॉयल्टी कोणाच्या खात्यात जाणार, एवढाच वाद उरेल, आणि तुमच्या पुरवणी करारातील ते वाक्य तो वाद आजच प्रकाशकांच्या बाजूने मिटवू पाहते. संपादनाचा आणि मुद्रितशोधनाचा खर्च त्यांनी केलेला असल्याने त्यांना वाटा देण्यास हरकत नसावी, मात्र टक्केवारी आणि मुदत लिहून आल्याशिवाय सही करू नका.