मार्फा (टेक्सस) गावात एक दिवस काढावा का?

भटकंती_ह्यूस्टन:
डिसेंबरात बिग बेंड राष्ट्रीय उद्यानाला निघालोय. थोडी वाट वाकडी केली तर मार्फा होतं. जो तो सांगतो, कलाकारांचं गाव आहे, बघाच. पण २०२०च्या जनगणनेत १,७८८ वस्ती, चहूकडे ओसाड कुरणं. लोक पोट कशावर भरतात?

माळरान:
दिवस काढाच. मी एल पासोला राहतो, तीन तासांवर. चारदा जाऊन आलोय.

गाव रेल्वेचं. १८८०च्या दशकात वाफेच्या इंजिनांना पाणी भरायचा थांबा म्हणून वसलं. मग गुरांचे मोठे राँच आले, त्यामागून लष्कर. १९४६ला छावणी उठली, १९५०च्या दशकातल्या दुष्काळानं राँचवाल्यांचंही कंबरडं मोडलं. सत्तरच्या दशकात न्यू यॉर्कहून डोनाल्ड जड हा कलाकार आला आणि लष्कराच्या पडीक इमारती घेत गेला. तोफखान्याच्या दोन शेडमध्ये त्याची कलाकृती म्हणून अॅल्युमिनियमच्या १०० पेट्या मांडल्या आहेत. बाहेरून सगळ्यांचं माप एकच, आतली रचना प्रत्येकीची वेगळी. ऊन कललं की धातू आहे की काच, कळेनासं होतं.

पण माझं ऐकाल तर आधी ब्लॅकवेल शाळेत जा. १९०९ची मातीच्या विटांची इमारत. १९६५पर्यंत मेक्सिकन वंशाच्या मुलांना इथे वेगळं बसवायचे. स्पॅनिश बोललं की मार. १९५४ साली तर मुलांकडून चिठ्ठ्यांवर स्पॅनिश शब्द लिहून घेतले आणि ध्वजस्तंभापाशी त्या भाषेचं दफन करवलं! माझी मुलगी घराबाहेर मराठी बोलायला लाजते. तिथे उभं राहिल्यावर तिचा हात मी घट्ट धरला होता. माजी विद्यार्थ्यांनी ती इमारत पाडू दिली नाही; २०२२मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला.

कुरणवाट:
माळरान, शाळेचं लिहिलंत ते फार बरं केलंत. पोटापाण्याचं विचाराल तर पर्यटन, राँच, बॉर्डर पेट्रोलच्या (सीमेवर गस्त घालणाऱ्या दलाच्या) नोकऱ्या, आणि काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, मुख्य ठिकाण म्हणून कोर्टकचेरी. बाहेरच्यांना मातीची घरं आवडू लागली, भाव चढले. २०१७मध्ये करासाठी या घरांची किंमत वेगळी, चढी धरायला सुरुवात झाली. ज्यांच्या आजोबांनी हातानं विटा थापल्या, त्यांच्यावरच तो बोजा पडला. मला हे अजिबात पटत नाही.

सोमवार-मंगळवार टाळा, बरंच बंद असतं.

भटकंती_ह्यूस्टन:
मंगळवारच ठरवला होता, आता गुरुवार करतो. माळरान, मुलगी केवढी आहे? माझा नऊ वर्षांचा आहे, त्याला शाळा दाखवेन म्हणतो.

माळरान:
अकरा. दाखवा, त्याला कळेल.