मदत हवी आहे: २४एलसी२५६ मेमरी चिपमध्ये ठराविक नोंदीच बिघडतात

नमस्कार मंडळी,

दिंडोरी तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी (केवडा) रोगाची फवारणी अंदाजाने न घेता पान खरोखर किती तास ओलं राहिलं ते बघून घ्यावी, म्हणून बागेत डेटा लॉगर बसवतोय. आर्डुइनो नॅनो हा छोटा मायक्रोकंट्रोलर बोर्ड (चिप एटीमेगा३२८पी), वेळेसाठी डीएस३२३१ घड्याळ, तापमान-आर्द्रतेचा एक सेन्सर आणि पानाच्या ओलाव्याचा एक अॅनालॉग सेन्सर. दर १५ मिनिटांनी एक नोंद.

नोंद १२ बाइटची: वेळ ४, तापमान ४ (फ्लोट, म्हणजे दशांश संख्या), आर्द्रता २, ओलावा २. नॅनोच्या चिपच्या आतल्या १ केबी ईईप्रॉममध्ये (वीज गेली तरी टिकणारी मेमरी) अशा ८५ नोंदी बसतात, म्हणजे पुरता एक दिवसही नाही. एसडी कार्डाची लायब्ररी २ केबी रॅममधले ५१२ बाइट नुसत्या बफरला घेते, आणि सगळं बॅटरीवर चालवायचंय. म्हणून बाहेरून २४एलसी२५६ ही ईईप्रॉम चिप जोडली. ३२ केबी जागा आणि आयटूसीच्या (चिपा एकमेकींशी जोडायची पद्धत) दोनच तारा, त्याही घड्याळासाठी आधीच ओढलेल्या.

अडचण अशी. नोंदीचा पत्ता मी क्रमांक (० पासून मोजलेला) गुणिले १२ असा काढतो. कोऱ्या चिपवर लिहून सगळं वाचलं की १ली, ६वी, ११वी नोंद बिघडलेली, मग १७वी, २२वी, २७वी. बाकी सगळ्या चोख. ११वीत वेळ-तापमान बरोबर, पण आर्द्रता आणि ओलावा ६५५३५. ६वीत फक्त वेळ बरोबर. १लीत मात्र उलट, आर्द्रता-ओलावा बरोबर आणि वेळ-तापमान अर्थहीन. आणि हे सगळ्यात बुचकळ्यात टाकणारं: १ली नोंद लिहिल्या लिहिल्या वाचली तर अगदी बरोबर येते!

आयटूसी तारांचे पुल-अप रोध ४.७ के, पुरवठा ५ व्होल्ट, चिपच्या पत्त्याच्या पिना ए० ते ए२ ग्राउंडला. हे कशामुळे होत असेल? की ईईप्रॉमचा नाद सोडून एफरॅम (दुसऱ्या प्रकारची टिकाऊ मेमरी) घ्यावी?

प्रतिसाद १

लिहून झाल्यावर थांबता का? या चिपला आतलं लिखाण पुरं करायला ५ मिलिसेकंदांपर्यंत वेळ लागतो. तेवढ्यात पुढची आज्ञा दिली तर ती प्रतिसादच देत नाही.

धागाकर्ता

हो, प्रत्येक नोंदीनंतर १० मिलिसेकंद थांबतो.

प्रतिसाद २

वेळेचा प्रश्न नाही, मेमरीच्या पानाचा (पेजचा) आहे. तुमच्या चिपमधली जागा ६४-६४ बाइटच्या पानांमध्ये विभागलेली असते. एका दमात लिहिताना पानाची हद्द आली की पत्ता पुढच्या पानावर जात नाही, त्याच पानाच्या सुरुवातीला परततो. ६वी नोंद ६० व्या पत्त्यावर सुरू होते. तिचे ४ बाइट ६० ते ६३ वर बसतात आणि उरलेले ८ थेट ० ते ७ वर, म्हणजे तुमच्या १ल्या नोंदीच्या वेळ-तापमानावर. म्हणूनच ती आधी बरोबर दिसते आणि नंतर बिघडते. ११वी १२० वर सुरू होते, तिचे शेवटचे ४ बाइट ६४ वर येऊन ६व्या नोंदीत घुसतात. ६५५३५ दिसतं तिथे काही लिहिलंच गेलेलं नाही, कोऱ्या ईईप्रॉममध्ये प्रत्येक बाइट २५५ असतो. १६वी नोंद नेमकी १९२ ला संपते, म्हणून १७ पासून तोच क्रम पुन्हा. वाचताना ही हद्द आड येत नाही.

नोंद ८ बाइटची करा. तापमान दशांश अंशात, २ बाइटच्या पूर्णांकात. आर्द्रता १ बाइट. ओलाव्याचं १० बिटी वाचन चाराने भागून १ बाइट. पानात बरोबर ८ नोंदी बसतात आणि एकही हद्द ओलांडत नाही. १२ बाइटला २८ दिवस मिळत होते, आता ४०९६ नोंदी, म्हणजे ४२ दिवसांहून जास्त. पानं ओली किती वेळ होती हे कळायला एवढी अचूकता भरपूर आहे. फ्लोट साठवण्याची गरज मला तरी वाटत नाही.

एफरॅमला पानंच नसतात आणि थांबावंही लागत नाही. एमबी८५आरसी२५६व्ही लावली तर तुमचा आहे तोच कोड चालेल. पण महाग पडते, आणि १५ मिनिटांच्या नोंदीला तिचा वेग कशाला हवा?

धागाकर्ता

८ बाइटची नोंद करून चिप पूर्ण भरून पाहिली. सगळ्या नोंदी बरोबर आल्या. मनापासून आभार, ६व्या-११व्याचं कोडं एवढं नीट उलगडून सांगितल्याबद्दल तर विशेष. आता जागा संपली की पुन्हा पहिल्यापासून लिहायचंय. पुढची नोंद कुठे जाणार तो क्रमांक आतल्या ईईप्रॉममध्ये ठेवला तर चालेल?

प्रतिसाद २

नको. आतल्या ईईप्रॉमची हमी १ लाख लिखाणांची आहे. दिवसाला ९६ वेळा एकाच जागी लिहिलं तर तीन वर्षांच्या आत ती संपते. २४एलसी२५६ ला १० लाख आहेत, पण क्रमांक ठेवायचाच कशाला? नॅनो चालू होताना सगळ्या नोंदींच्या वेळा एकदा वाचून काढा. चारही बाइट २५५ असतील ती जागा कोरी समजा. सगळ्यात ताजी वेळ असेल तिच्या पुढची जागा तुमची. बॅटरी बदलताना क्रमांक हरवण्याची भीतीही उरत नाही.